एनएमएमएसला ११८ येतायत, नाव लागेल का? आणि निकाल लागेपर्यंत काय करायचं?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलगी झेडपीच्या शाळेत आठवीला, डिसेंबरात एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घरातल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा दिली, अंतरिम उत्तरसूची लावून बघितली तर १८० पैकी ११८ येतायत. सर म्हणाले ७२ ला पास असतं, म्हणजे झालंच काम. शेजारच्या बाई म्हणतात त्यांच्या मुलाचं नाव लागलं होतं पण एक रुपया आला नाही. जात कुणबी, फॉर्मवर काय टाकलंय ते माहीत नाही. गावात आठवीपर्यंतच शाळा, त्यामुळे नववीला तालुक्याला घालायचीय, इंग्लिश मीडियमचा विचार चाललाय, शिष्यवृत्तीतून फी निघेल का असं विचारलंय. आणि शेवटची ओळ, मुलगी रोज घरी आली की आधी मोबाईल मागते, निकाल लागला का बघायला.

मी अनुदानित हायस्कूलला गणित शिकवतो आणि चौदा वर्षं आमच्या शाळेत एनएमएमएसचं सगळं माझ्याकडे आहे, फॉर्म भरण्यापासून ते पोर्टलवर व्हेरिफाय करण्यापर्यंत. त्यामुळे मार्कांपेक्षा कागदांवर जास्त बोलणार आहे, आधीच सांगतो. तुम्ही विचारलंय "नाव लागेल का", पण तुमच्या प्रश्नातली खरी काळजीची गोष्ट ती नाहीये. मार्क जे पडायचे ते डिसेंबरातच पडले, आता तुम्ही आम्ही कुणीही त्यात एकाची भर घालू शकत नाही. पण नाव लागलेल्या मुलांचे पैसे कुठे अडकतात ते मी बघितलंय आणि ते सगळं दुरुस्त करायला हाच काळ आहे, जो आपण निकालाची लिंक रिफ्रेश करण्यात घालवतो.

पहिलं, ७२ चं कोडं. सर चुकीचं नाही बोलले पण अर्धं बोलले. मॅट म्हणजे बुद्धिमत्तेचा पेपर ९० चा आणि सॅट म्हणजे शाळेच्या विषयांचा ९० चा असे १८०, दोन्ही मिळून ४० टक्के म्हणजे ७२ पडले की मुलगी पात्र. एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांना ३२ टक्के, म्हणजे ५८ धरा. पण पात्र म्हणजे निवड नाही. पात्र म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी मिळाली एवढंच. देशात दरवर्षी १ लाख शिष्यवृत्त्या, त्यातला महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ आणि तो पुढे जिल्ह्याजिल्ह्यात वाटला जातो, जिल्ह्यात परत प्रवर्गानुसार. म्हणजे तुमच्या मुलीची स्पर्धा राज्यातल्या सगळ्या पोरांशी नाही, तुमच्या जिल्ह्यातल्या तुमच्या प्रवर्गातल्या पोरांशी आणि मार्क चांगले असतील तर जिल्ह्याच्या खुल्या यादीशी. म्हणून ११८ ला नाव लागेल का याचं उत्तर जिल्हा कळल्याशिवाय कुणी देत असेल तर तो हवेत बोलतोय. शेजारच्या दोन जिल्ह्यांत एकाच प्रवर्गाच्या कटऑफमध्ये पंधरा-वीस मार्कांचा फरक पडलेला मी स्वतः बघितलाय. तुमच्या जिल्ह्याच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या निवडयाद्या शाळेकडून मागवून घ्या, त्यात तुमच्या प्रवर्गाचं शेवटचं नाव किती मार्कांवर आहे ते बघा. तोच खरा अंदाज, तोही अंदाजच, कारण पेपर सोपा-अवघड असतो तसा कटऑफ वरखाली होतो.

आणि त्या ११८ मधून मी असतो तर मनातल्या मनात चार-पाच वजा करून ठेवले असते. मुलं खोटं बोलत नाहीत हो, पण घरी येऊन प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलने खुणा करतात तेव्हा त्यांना पेपरात काय गोल केलं ते आठवत नसतं, काय बरोबर वाटत होतं ते आठवत असतं. मॅटला आकृत्यांच्या प्रश्नांत तर हे हमखास. दुसरं म्हणजे ही अंतरिम सूची आहे, तिच्यावर आक्षेप घेतले जातात, मग परीक्षा घेणारी राज्य परीक्षा परिषद अंतिम सूची लावते, एखाद्या प्रश्नाचं उत्तर बदलतं, एखादा रद्द होतो. एक-दोन मार्क इकडे-तिकडे व्हायचेच. तुम्हाला एखादं उत्तर नक्की चुकीचं वाटत असेल तर मुदत आहे तोवर पाठ्यपुस्तकाच्या पानाचा पुरावा लावून ऑनलाईन आक्षेप नोंदवा, नंतर फोन करून किंवा अर्ज देऊन काही होत नाही.

तारीख किती ते मी सांगणार नाही कारण दरवर्षी वेगळी असते. क्रम मात्र ठरलेला असतो. अंतरिम उत्तरसूची, अंतिम उत्तरसूची, मग गुणयादी, त्यानंतर नाव-जात-जन्मतारीख वगैरे दुरुस्त करायला शाळेच्या लॉगिनवर थोडे दिवस, आणि सगळ्यात शेवटी निवडयादी. यातली गुणयादी लागली की व्हॉट्सॲपवर "निकाल लागला" म्हणून सुरू होतं. तो निकाल अर्धाच असतो.

यात मी स्वतः तोंडावर आपटलोय म्हणून सांगतो. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सात मुलं गुणयादीत पात्र आली. त्याआधी दोनच्या वर कधी गेलो नव्हतो. मी इतका खुश की हेडसरांना सांगून दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लावला, सात फोटो, "एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेत उज्ज्वल यश", खाली माझंही नाव मार्गदर्शक म्हणून. पेढे वाटले. पुढे निवडयादी आली त्यात चार नावं. राहिलेल्या तिघांतली एक मुलगी रोज एसटीने यायची, उतरलं की समोर स्वतःचा फोटो. मला हे सुचलंच नाही, तिच्या आईने शाळेत येऊन सांगितलं की सर तो फ्लेक्स काढा, पोरगी मागच्या स्टॉपला उतरून चालत येतेय. त्या दिवसापासून निवडयादी येईपर्यंत आमच्या शाळेत पेढा नाही आणि फ्लेक्स तर नाहीच नाही. तुम्हीही मामाला, आत्याला, ग्रुपवर काही टाकू नका इतक्यात. कुणी विचारलं तर "पेपर बरा गेलाय" एवढंच.

आता जातीच्या रकान्याचं. हे लगेच बघायचंय. निवडयादी प्रवर्गानुसार लागते म्हटल्यावर फॉर्मवर प्रवर्ग चुकला की मार्क असून नाव जातं. हा फॉर्म पालक भरत नाहीत, शाळा भरते, एका संध्याकाळी वीस-पंचवीस मुलांचे फॉर्म एकच शिक्षक भरतो, नेट जातं येतं, आणि प्रवर्गाच्या ड्रॉपडाऊनमध्ये वरचं पहिलं नाव राहून जातं. माझ्याकडे एक धनगर समाजाचा मुलगा होता, प्रवर्ग भज-क म्हणजे भटक्या जमाती-क, फॉर्मवर खुला पडला होता. गुणयादी आल्यावर त्याच्या चुलत्याने सहज विचारलं म्हणून कळलं. दुरुस्तीची मुदत संपायला दोन दिवस होते, लॉगिन करून दुरुस्त केलं आणि निवडयादीत तो भज-क मधून आला. चुलता विचारायला आला नसता तर मला कधी कळलं नसतं. तर उद्याच शाळेत जा, सरांना म्हणा आवेदनपत्राची प्रिंट दाखवा. कुणबी म्हणजे ओबीसी, तसं पडलंय का बघा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, आधार नंबर, सगळं आधार कार्ड समोर धरून एकेक अक्षर जुळवा. जनरल रजिस्टरला काय आहे तेही बघा. आणि भांडायला गेल्यासारखं जाऊ नका हां, त्या सरांनी तुमच्या पोरीचा फॉर्म भरला नसता तर हा प्रश्नच आला नसता. झेडपीच्या शाळेत दोन शिक्षक चार वर्ग सांभाळून हे करतात.

कुणबी लिहिलंत ते बरं केलंत कारण त्यामुळे अजून एक दार उघडतं. मुलगी पात्र झाली, म्हणजे ७२ च्या वर आली, पण एनएमएमएसच्या निवडयादीत नाव आलं नाही, तर मराठा, कुणबी, मराठा-कुणबी, कुणबी-मराठा या मुलांना पुण्याच्या सारथी संस्थेकडून छत्रपती राजाराम महाराज सारथी शिष्यवृत्ती मिळते, महिना ८०० म्हणजे वर्षाला ९,६००, नववी ते बारावी. एनएमएमएसची १२,००० आहे, महिना १,००० प्रमाणे. म्हणजे फरक वर्षाला चोवीसशेचा. पण सारथीचे पैसे आपोआप येत नाहीत, त्याचा वेगळा अर्ज आहे, शाळेमार्फत शिक्षणाधिकारी (योजना) यांच्या कार्यालयात जातो, दरवर्षी भरावा लागतो, मार्कांची अट दरवर्षी आहे. कितीतरी पालक निवडयादीत नाव नाही म्हणून निराश होऊन सोडून देतात आणि हे ९,६०० कुणी मागतच नाही. तुमच्या मुलीला ११८ चे ११२ झाले तरी यातलं एक ना एक काहीतरी हाताला लागायची शक्यता चांगली आहे, म्हणून तिला सांगताना "सगळं किंवा काहीच नाही" असं सांगू नका. मात्र त्यासाठी कुणबीचा दाखला तुमच्याकडे प्रत्यक्ष हवा, "आमच्यात सगळे कुणबीच" म्हणून चालत नाही.

आता शेजारच्या बाईंचं. नाव लागून पैसे आले नाहीत हे खोटं नाही, मला त्याचं अजिबात आश्चर्य वाटलं नाही. लोकांना वाटतं निवड झाली की सरकार पैसे पाठवतं. तसं नाहीये. निवड झाल्यावर मुलगी नववीत गेली की नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, आपण एनएसपी म्हणतो, तिचा नवीन अर्ज भरावा लागतो, त्याआधी ओटीआर म्हणजे एकदाच करायची नोंदणी काढावी लागते, मग शाळा तो अर्ज व्हेरिफाय करते, मग जिल्ह्यावरून दुसऱ्यांदा व्हेरिफाय होतो, आणि त्यानंतर आधारला जोडलेल्या खात्यात पैसे. नववीचा हा फ्रेश अर्ज राहिला की पुढची चारही वर्षं गेली, ४८,००० रुपये. दहावीत जाऊन भरतो म्हटलं तर भरता येत नाही. दहावी, अकरावी, बारावीला रिन्यूअल, तेही दरवर्षी.

आणि तुमच्या बाबतीत इथे एक खड्डा आहे जो हायस्कूलच्या मुलांना नसतो. मुलगी आठवीला झेडपीत आणि नववीला दुसऱ्या शाळेत. परीक्षेला बसवलं एका शाळेने, पोर्टलवर अर्ज व्हेरिफाय करायचा दुसऱ्या शाळेने. जुने सर म्हणतात आमची जबाबदारी संपली, मुलगी गेली. नव्या शाळेला माहीतच नसतं की साठ पोरांच्या वर्गात ही एक एनएमएमएसवाली आहे. मुलगी नवीन, लाजते, बोलत नाही. पोर्टल जून-जुलैच्या सुमारास उघडतं, मुदत एक-दोनदा वाढते, आणि दिवाळीत कुणीतरी विचारतं अगं तुझं आलं का, तेव्हा कळतं. आमच्या हायस्कूलला पाच-सहा झेडपी शाळांची मुलं येतात, मी आता दर जूनला नववीच्या वर्गात जाऊन हात वर करायला लावतो, एनएमएमएसला कोण बसलं होतं, नाव लागलेलं कोण. पहिल्या वर्षी हे केलं तेव्हा दोन मुलं अशी सापडली की ज्यांना आपली निवड झाल्याचंच माहीत नव्हतं! सगळ्या शाळांत कुणीतरी असं विचारेल असं नाही, म्हणून प्रवेशाच्या दिवशीच क्लार्कला नाही, तर ज्यांच्याकडे शिष्यवृत्तीचं काम आहे त्या शिक्षकांना शोधून भेटा, निवडयादीचं पान आणि प्रवेशपत्राची झेरॉक्स त्यांच्या हातात द्या, नंबर घ्या.

आता इंग्लिश मीडियमचं, आणि इथे मी तुम्हाला थांबवणार आहे. ही शिष्यवृत्ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठीच आहे. विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित शाळेत गेली की संपली. तालुक्याच्या बहुतेक इंग्लिश मीडियमच्या शाळा त्याच असतात. म्हणजे शिष्यवृत्तीतून तिथली फी भरू हा हिशोबच जुळत नाही, तिथे प्रवेश घेतला त्या दिवशीच शिष्यवृत्ती जाते. अनुदानित शाळेतला सेमी वर्ग चालतो, गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठी. झेडपीतून आलेल्या मुलीला नववीत एकदम पूर्ण इंग्लिश मीडियम टाकणं हे माझ्या मते तसंही फार जड जातं, दहावी एक वर्षावर आलेली असते. पण ते माझं मत, मुलगी तुमची. फक्त प्रवेश घेण्याआधी शाळेत सरळ विचारा, "हा वर्ग, ही तुकडी अनुदानित आहे का?" शाळा अनुदानित आणि एखादी तुकडी विनाअनुदानित असंही असतं, म्हणून तुकडीचं विचारा. नवोदय, केंद्रीय विद्यालय, सैनिकी शाळा, सरकारी निवासी शाळा यांनाही ही शिष्यवृत्ती लागू नाही. पण नववीच्या लॅटरल एंट्रीतून, म्हणजे मधूनच नववीला मिळणाऱ्या प्रवेशातून, नवोदयला नंबर लागला तर मी म्हणेन डोळे झाकून पाठवा, तिथे राहणं-जेवण-शिक्षण सगळं सरकारचं, बारा हजारासाठी ते कुणी सोडू नये.

हेच गणित दहावीनंतर परत येतं. अकरावीला क्लासवाल्यांच्या टायअपच्या स्वयंअर्थसहाय्यित कॉलेजला किंवा डिप्लोमा-आयटीआयला गेली तर शेवटची दोन वर्षं मिळत नाहीत. तेव्हाचं तेव्हा बघा, पण माहीत असू द्या.

आता खात्याचं. इथे सगळ्यात जास्त पैसे हरवतात, म्हणजे हरवत नाहीत, दुसरीकडे जातात. एक प्रसंग सांगतो. माझ्याकडे एका मुलाचे वडील, ट्रॅक्टर चालवतात, दर सोमवारी बाजारादिवशी बँकेत जाऊन पासबुक प्रिंट करून घ्यायचे, चार महिने. काउंटरवरचा माणूस म्हणायचा आला नाही. पोर्टलवर स्टेटस बघितलं तर पैसे गेलेले दिसतायत. वडील म्हणाले सर, खाल्ले कुणीतरी. शेवटी मुलाचा आधार टाकून सीडिंग, म्हणजे आधारला कोणतं खातं जोडलंय ते बघितलं तर खातं भलत्याच बँकेचं. झालेलं असं की मधल्या काळात गावात कॅम्प लागला होता, शंभर रुपयांत खातं उघडून देतो म्हणून, आजीने नातवाचंही उघडलं होतं अंगठा लावून आणि विसरून गेली. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे अर्जावर लिहिलेल्या पासबुकात जात नाहीत, आधारला शेवटी जे खातं डीबीटीसाठी जोडलंय तिकडे जातात. बारा हजार त्या खात्यात जसेच्या तसे होते! आजीच्या ट्रंकेत ते कार्ड सापडलं, साडीच्या घडीत.

त्यामुळे "आमचं खातं आधारला लिंक आहे" यावर समाधान मानू नका. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे केवायसी झाली, डीबीटीचं सीडिंग वेगळं, त्याचा वेगळा फॉर्म बँकेत देऊन संमती द्यावी लागते. आधारच्या वेबसाईटवर मुलीचा नंबर टाकून लॉगिन केलं की बँक सीडिंग स्टेटस म्हणून दिसतं, त्यात बँकेचं नाव आणि ॲक्टिव्ह असं यायला हवं. पण त्यासाठी ओटीपी लागतो आणि ओटीपीसाठी तिच्या आधारला चालू मोबाईल जोडलेला हवा. बऱ्याच मुलांच्या आधारला ती पाच वर्षांची असताना दिलेला नंबर असतो जो आता तिसराच कुणी वापरतोय. आधार केंद्रात जाऊन आधी तो बदला. खातं मुलीच्या नावाचं हवं, आईवडिलांचं चालत नाही, आणि खातं वापरात नसेल तर बंद पडतं, म्हणून सहा महिन्यांतून एकदा शंभर रुपये भरा-काढा.

नावाचं स्पेलिंग हा अजून एक छळ. शाळेत श्रुती शेवटी आय, आधारवर डबल ई, बँकेत वडिलांचं नाव गायब. आपल्याला वाटतं माणूस एकच आहे ना. कॉम्प्युटरला तसं वाटत नाही, अर्ज अडतो किंवा जिल्ह्यावरून डिफेक्ट म्हणजे त्रुटी लागून परत येतो, आणि परत आलेला अर्ज दुरुस्त करायला दिवस मोजकेच असतात. माझं म्हणणं असं की शाळेचं रेकॉर्ड मूळ धरा आणि आधार त्याप्रमाणे करून घ्या, कारण दहावीच्या बोर्डाच्या सर्टिफिकेटवर शाळेचंच नाव जाणार आहे आणि ते नंतर बदलायला जे हेलपाटे पडतात ते विचारूच नका. शाळेच्या रजिस्टरमध्येच चूक असेल तर दाखला काढायच्या आधी, आठवी संपायच्या आत, आहे त्याच शाळेत दुरुस्त करून घ्या. एकदा दाखला निघाला की सोपं राहत नाही. आणि मुलगी पंधरा वर्षांची झाली की आधारचे बोटांचे ठसे-डोळे परत द्यायचे असतात, ते सक्तीचं आहे, दहावीच्या आसपास येईल, लक्षात ठेवा.

उत्पन्नाचा दाखला. मर्यादा साडेतीन लाख आहे, तुमच्या मिस्टरांचं टेलरिंगचं दुकान म्हणालात, त्यात बसाल. पण दाखला तहसीलदारांचा लागतो आणि तो दहावी-बारावीचा निकाल लागला की काढायला जाऊ नका, सेतूत तेव्हा पाय ठेवायला जागा नसते आणि सर्व्हर झोपलेला असतो. एप्रिलमध्ये नवीन आर्थिक वर्ष लागलं की लगेच काढा, निकाल लागो न लागो. वाया जात नाही, कशा ना कशाला लागतोच.

आणि एक गोष्ट जिच्याकडे या निकालाच्या नादात घरोघरी दुर्लक्ष होतं, आठवीची वार्षिक. निवड झाली तरी आठवीला ५५ टक्के हवेत, एससी-एसटीला ५० चालतात. मुलं एनएमएमएसचा अभ्यास करून दमलेली असतात, परीक्षा झाली की जानेवारी-फेब्रुवारीत ढिली पडतात, आणि आठवीत काय, पास करतातच, असं घरातही म्हणतात. मॅटला ७० पाडलेला एक मुलगा माझ्याकडे वार्षिकला ५३ टक्क्यांवर आला होता, भाषेत आणि हिंदीत गेला. हातात निवडयादी आणि मार्कलिस्ट दोन्ही घेऊन उभा होता पोरगा, मला त्याच्याकडे बघवेना. पुढे नववी पास व्हायची, दहावीला ६० टक्के हवेत, एससी-एसटीला ५५, आणि अकरावी पहिल्या फटक्यात पास. तर मुलगी मोबाईल मागते तेव्हा तिला निकालाची तारीख सांगू नका, तुम्हालाही माहीत नाही आणि तिलाही. तिला हे ५५ सांगा. तिच्या हातात असलेलं तेवढं एकच आहे सध्या.

वेबसाईट बघायचं काम तुमच्याकडे घ्या, तिच्याकडे नको. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, राज्य परीक्षा परिषदेच्या साईटवर, बस. यूट्यूबवर रोज "आज निकाल लागणार" म्हणून व्हिडिओ येतात, ते बघून पोरं जास्त बिथरतात. आणि "तुमच्या मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली, ओटीपी सांगा" असा फोन आला की कट करा. आमच्या एका पालकाने सांगितला होता ओटीपी, त्यांचे खात्यातले साडेचार हजार गेले आणि शिष्यवृत्तीशी त्याचा काही संबंधही नव्हता.

आता पैसे कधी येतील ते. नववीच्या शाळेच्या खर्चाला म्हणून त्यांच्यावर अवलंबून राहू नका. व्हेरिफाय होऊन, मंजूर होऊन येईपर्यंत नववीचं वर्ष बरंच सरतं, काहींना मी दहावीत गेल्यावर नववीचे मिळालेले बघितलेत. पण येतात ते बारा हजार एकदम येतात. गणवेश, पुस्तकं, एसटीचा खर्च आधी तुम्हालाच करावा लागेल असं धरून चाला. एसटीसाठी मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास आहे, तो जूनमध्ये नव्या शाळेकडून लिहून घेऊन काढा, तालुक्याला रोजचं येणं-जाणं म्हटल्यावर तो खर्च वाचला तरी खूप.

दुसरी एक शंका तुमच्या प्रश्नात होती, की स्कॉलरशिपची परीक्षाही दिलीय, ती आणि ही एकच का. नाही. ती राज्याची, १५० चे दोन पेपर, तिला उत्पन्नाची अट नाही, तिचा निकाल वेगळा, रक्कम वेगळी, वर्षाला ७,५००. एकाच्या निकालाची लिंक बघून दुसरीत नाव शोधत बसू नका, आमच्याकडे दरवर्षी दोन-तीन पालक "सर पोरीचं नावच नाही" म्हणून रडकुंडीला येतात आणि बघावं तर परीक्षा दुसरीच.

आता तुमचं काम मोठं नाहीये, चार-पाच फेऱ्यांचं आहे. आधी शाळेत जाऊन आवेदनपत्राची प्रिंट बघा, प्रवर्ग आणि स्पेलिंग. मग आधार केंद्र आणि बँक एकाच दिवशी, बाजाराचा वार सोडून. एप्रिलमध्ये सेतू. आणि प्रवेश घेण्याआधी अनुदानित तुकडीची खात्री. प्रिंट बघितली की फॉर्मवर प्रवर्ग काय पडलाय आणि तुमचा जिल्हा कोणता ते मला खाली लिहा, आधार नंबर वगैरे लिहू नका इथे, नुसतं जिल्हा आणि प्रवर्ग. माझ्याकडे मागच्या काही वर्षांच्या निवडयाद्या सेव्ह करून ठेवलेल्या आहेत, तुमच्या जिल्ह्याचं ओबीसीचं शेवटचं नाव कितीवर होतं ते काढून सांगतो. शनिवारी अर्धी शाळा असते, दुपारनंतर बघतो.